मांजर 'अगं' म्हणतं

घरात तिला सगळे लगबग म्हणत. रांगायचं सोडून ती एकदम उठून चालायला लागली आणि पहिल्याच फेरीत दाराची चौकट कपाळावर घेतली, असं तिची आई सांगते. मोठी झाल्यावरही फरक पडला नाही. बोलताना वाक्याचा शेवट समोरच्यावर सोपवून ती पुढच्या वाक्यावर पोचलेली असे. एका मोठ्या कंपनीत ती बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. काम बरं होतं, खुर्ची फिरती होती, खिडकीतून झाडं दिसायची. पण आपण लिहिलेलं कोण वापरतं, वापरताना त्याचा चेहरा कसा होतो, हे तिला कधी बघायला मिळालं नाही. त्यामुळे तिचा जीव तिथे रमत नव्हता.

तिचा मामा प्राण्यांचा डॉक्टर. एकदा आईच्या मांजरीला घेऊन ती त्याच्या दवाखान्यात गेली, तर तिथे गोंधळ माजलेला. चुकून तिघांना एकच वेळ दिली गेली होती. एक दांडगा कुत्रा टेबलाखाली शिरून टेबलासकट चालायला लागला होता, दुसऱ्या कोणाची मांजर औषधांच्या कपाटावर चढून बसली होती, आणि फोन घेणाऱ्या बाई एका कानाला फोन लावून कोणाला तरी लसीची आठवण करून देत होत्या. पलीकडच्या माणसाला आपल्याकडे कुत्रा आहे हेच आधी आठवेना. मामा हातमोजे घालून दारात उभा, आणि कोणाला आत घ्यावं हे त्यालाच कळत नव्हतं.

लगबग मांडीवर मांजरीची टोपली घेऊन बसली होती. मांजरीला तपासून परत टोपलीत ठेवेपर्यंत तिच्या डोक्यात अर्धं सॉफ्टवेअर तयार झालं होतं.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याला सगळं क्रमाने ऐकायची सवय होती. तो म्हणाला, आधी बस, मग सांग. ती बसलीच नाही. उभ्या उभ्याच तिने नोकरी सोडत असल्याचं सांगून टाकलं. तो म्हणाला, की तू आत्ता नाही सोडलीस तर पुढच्या महिन्यात सोडशील, मधल्या दिवसांत घरात कोणाला झोप मिळणार नाही, तेव्हा सोडलेलीच बरी.

कामाला जोडीदार तिला कंपनीतच मिळाला. शेजारच्या टेबलावर बसणारा. त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. काहीही विचारलं की तो आधी चष्मा काढायचा, पुसायचा, घालायचा आणि मग बोलायचा. आग लागली तरी हा आधी चष्मा पुसेल, अशी त्याची ख्याती. लगबगने त्याला दवाखान्यातला सगळा प्रकार एका दमात सांगितला. त्याने चष्मा दोनदा पुसला.

"कुत्र्याची लस विसरणं हा खरा प्रश्न आहे," तो म्हणाला. "आणि तो सुटण्यासारखा आहे. येतो मी."

दवाखान्याच्या वर एक खोली रिकामी होती. पूर्वी तिथे प्राण्यांच्या खाद्याची पोती असायची. पोती गेली, वास राहिला. तिथे दोघांनी टेबलं मांडली. खालून दिवसभर भुंकणं, वर यांचं टाइप करणं. सॉफ्टवेअरचं नाव लगबगने ठेवलं 'शेपूट', कारण ते माणसाच्या मागे मागे जाणार होतं आणि त्याला काही विसरू देणार नव्हतं. वेळा लावायच्या, लसींच्या तारखा सांभाळायच्या, आठवणीचे मेसेज पाठवायचे. थंडोबाने सगळ्यात आधी काय केलं, तर एक बटण. प्राणी देवाघरी गेला की ते दाबायचं, मग त्या घरी शेपटाकडून एक अक्षरही जायचं नाही. लगबगला हे सुचलंही नव्हतं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

मामाच्या दवाखान्यात शेपूट झकास चालायला लागलं. टेबलं जागच्या जागी राहायला लागली. मग लगबग ते विकायला बाहेर पडली आणि तोंडावर आपटली.

तिने एक चकचकीत पत्रक छापलं होतं. शेपटात काय काय सोयी आहेत ते सगळं त्यात ओळीने लिहिलेलं. ती दवाखान्यामागून दवाखाने पालथे घालत होती. डॉक्टर मंडळी पत्रक हातात घ्यायची, छान आहे म्हणायची आणि पिंजऱ्याच्या तळाला पसरायला ठेवायची. एका ठिकाणी तर तिच्या डोळ्यांदेखत एका सशाने पत्रकावर आपलं मत नोंदवलं. घरी येऊन तिने हे हसत सांगितलं खरं, पण जेवताना ती गप्प होती. ती गप्प बसली की घरात सगळ्यांना धडकी भरायची.

तशाच एका कंटाळवाण्या दुपारी तिने मामाच्या दवाखान्यातून जाणारा आठवणीचा मेसेज उघडला. 'आपल्या पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची तारीख उलटून गेली आहे. कृपया संपर्क साधावा.' तो थंडोबानेच लिहिलेला होता. लगबगने तो वाचला आणि तिला स्वतःलाच जांभई आली. तिने तो पुसला आणि त्या जागी लिहिलं:

'तुम्ही विसरलात. मीही विसरल्यासारखं करतोय, कारण मला ती सुई आवडत नाही. पण डॉक्टर विसरलेले नाहीत. शनिवारी घेऊन या. वाटेत पळणार नाही असं मात्र मी म्हणत नाही.'

आणि कोणालाही न विचारता तिने तो ज्यांची ज्यांची लस राहिली होती त्या सगळ्यांना पाठवून दिला.

शनिवारी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. माणसं एकमेकांना फोन दाखवून हसत होती. फोन घेणाऱ्या बाई चकित, मामा घामाघूम. त्या गर्दीत एक उंच, ताठ, म्हातारे गृहस्थ झाकलेला पिंजरा हातात धरून उभे होते. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि मामा त्यांना मनातून घाबरायचा. ते पुढे आले, फोन समोर धरला आणि विचारलं, हा मजकूर कोणाचा? मामाने जिन्याकडे बघितलं. बाईंनीही जिन्याकडेच बघितलं. लगबगला खाली यावं लागलं.

"माझा आहे," ती म्हणाली.

"यात एक चूक आहे," न्यायाधीश म्हणाले. "माझा पोपट मला 'तुम्ही' म्हणत नाही. आमच्या घरात मला 'अरे' म्हणणारा आता तो एकटाच उरलाय."

एवढं बोलून ते पिंजरा मांडीवर घेऊन बाकावर बसले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

लगबग जिना चढून वर गेली असं म्हणणं कमीच पडेल. ती वर पोचली तेव्हा तिचा श्वास खालीच राहिला होता. तिने थंडोबाला सांगितलं, की आपण सगळं केलं, पण कोण कोणाशी बोलतंय एवढंच विचारलं नाही. आपण डॉक्टरांना यंत्राच्या गोष्टी सांगत फिरलो आणि मेसेज सगळ्यांना एकाच आवाजात पाठवत बसलो. कुत्रा 'तुम्ही' म्हणेल. पण मांजर कशाला म्हणेल? मांजर 'अगं' म्हणतं. कुठल्याही मांजरीचा चेहरा बघ, ती 'अगं'च्या वर चढणार नाही.

थंडोबाने चष्मा पुसला. कुत्र्याबद्दल त्याला शंका होती. त्याच्या मते कुत्रा आजोबांना 'तुम्ही' म्हणेल, पण त्याच घरातल्या पोरांना 'अरे' म्हणेल. आपण ठरवणारे कोण? प्राण्याची नोंद करतानाच मालकाला विचारावं: हा तुम्हाला काय म्हणतो?

हा प्रश्न शेपटात बसला आणि दवाखान्याची कळाच पालटली. लगबगला वाटलं होतं, लोक विचित्र नजरेने बघतील. पण प्राणी बोलत नाहीत असं उत्तर एकानेही दिलं नाही. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं. कासव पाळणाऱ्या बाई म्हणाल्या, आमचं कासव 'आपण' म्हणतं. एक पैलवानासारखा माणूस मुठीएवढा ससा घेऊन आला होता. त्याने आधी इकडे तिकडे पाहिलं आणि मग खालच्या आवाजात सांगितलं, "तो मला बाळा म्हणतो."

त्यानंतर लगबगला शेपूट विकायला बाहेर पडावं लागलं नाही. माणसं दुसऱ्या दवाखान्यांत जाऊन विचारायला लागली, तुमच्याकडून कुत्र्याचे मेसेज येत नाहीत का? डॉक्टरांचे फोन यायला लागले. लगबग फोनवर उभी, थंडोबा टेबलाला चिकटलेला, आणि खालून भुंकण्याचं पार्श्वसंगीत. पलीकडचा विचारायचा, तुमच्याकडे कुत्रे आहेत का? ती म्हणायची, कामालाच ठेवलेत.

डॉक्टरांना सॉफ्टवेअर आवडलं, पण मेसेज लिहायचा म्हटलं की त्यांचा हात अडायचा. म्हणून ती त्यांना दर आठवड्याला एक पानभर मजकूर पाठवायला लागली. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, कुठल्या शब्दाने माणूस दोन पावलं मागे सरकतो, कुठल्या शब्दाने खुर्ची ओढून बसतो. तिच्या लिहिण्यात आव नव्हता. ती आपल्या फजित्याच जास्त सांगायची. पत्रकावरच्या सशाची गोष्ट तर तिने दोनदा सांगितली. डॉक्टरांनी ती पानं बायकोला दिली, बायकोने भावाला, भावाने आपल्या शिंप्याला. थोड्या दिवसांनी तिला सायकल दुरुस्त करणाऱ्यांची आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंची उत्तरं यायला लागली.

मग एका प्रकाशन संस्थेतल्या संपादकबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे मांजर होतं आणि ते त्यांना 'अगं' म्हणायचं. त्यांना पुस्तक हवं होतं, जाहिरातीवर, पण असंच बोललेलं.

लगबग आनंदाने खोलीभर फिरली. थंडोबाचं तोंड मात्र उतरलं. तो म्हणाला, की पुस्तक लिहिणारी माणसं लिहिण्यात बुडतात, मग शेपटाचं काय? त्याला माणसांशी बोलता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती गेली तर ही खोली नुसती यंत्रांची होईल.

"सकाळी मी पुस्तकाची," लगबग म्हणाली, "आणि दुपारनंतर तुझी."

घरी हे वाक्य नवऱ्याला सांगितल्यावर त्याने भुवया उंचावल्या आणि माझी नेमकी कधी, असं विचारलं. रविवारी, ती म्हणाली.

पुस्तक तिने दवाखान्याच्या बाकावरच लिहिलं, दवाखाना उघडायच्या आधी. प्रत्येक प्रकरणात एक गिऱ्हाईक आणि एक फजिती. 'गिऱ्हाइकाला हाक मारायची असेल तर आधी त्याला घरात काय म्हणतात ते विचारा,' हे त्यातलं पहिलं वाक्य. संपादकबाईंनी त्यातली बरीच उद्गारचिन्हं काढून टाकली. लगबगने थोडी परत घातली. पुस्तकाचं नाव 'मांजर अगं म्हणतं' असं ठरलं आणि ते बाजारात आलं.

आलं आणि गप्प बसलं. दुकानात ते पाककलेच्या शेजारी ठेवलेलं लगबगच्या आईला सापडलं. आईने ते उचलून पुढच्या टेबलावर मांडलं, दुकानदाराने परत नेऊन ठेवलं, आईने परत मांडलं. असं बरेच दिवस चाललं. लगबगने मनाची समजूत घातली, की लिहायला मजा आली ना, मग झालं.

एका सकाळी ती खाली दवाखान्यात शिरत होती, तेवढ्यात आईचा फोन आला.

"रेडिओवर तुझा ससा लागलाय," आई म्हणाली.

सकाळच्या कार्यक्रमात निवेदिका पुस्तकातलं पैलवान आणि सशाचं पान वाचत होती. वाचता वाचता ती स्वतःच हसायला लागली आणि तिला थांबावं लागलं. मग तिने पुस्तकाचं नाव सांगितलं, शेपटाचं नाव सांगितलं, आणि शेपूट कुठे मिळतं तेही सांगितलं.

थंडोबाला पळताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी तो जिन्यावरून पळत खाली आला, तेही चष्मा न लावता. शेपटाची वेबसाइट कोसळली होती. एवढी माणसं एकदम आली होती, की तिच्या दारातच चेंगराचेंगरी झाली होती. आणि त्यातले डॉक्टर थोडेच. बाकीचे केशकर्तनवाले, छायाचित्रकार, चष्मेवाले, पोहायला शिकवणारे. सगळ्यांना आपापल्या धंद्यासाठी शेपूट हवं होतं. थंडोबा म्हणाला, की दुरुस्त करायला दुपार होईल. तोवर ही माणसं निघून जातील आणि परत येणार नाहीत.

घाबरायला लगबगला वेळ नव्हता. तिने थंडोबाला विचारलं, एक पान तरी उभं करता येईल का, नुसती अक्षरं आणि फोन नंबर लिहायला जागा? तेवढं येईल, तो म्हणाला. तिने तिथेच जिन्यावर बसून लिहिलं:

'एकदम फार माणसं आलात. मला प्रत्येकाचा वास घ्यायला वेळ लागतो. नंबर ठेवून जा, मी आजच फोन करतो. शेपूट.'

पान उभं राहिलं आणि नंबर यायला लागले. थांबेचनात. लगबगने घरी फोन केला आणि सांगितलं, जो कोणी मोकळा आहे त्याने फोन घेऊन दवाखान्यात यायचं. आई आली, मावशी आली, शाळेला सुट्टी होती म्हणून नवरा आला. मामाने तातडीचे पेशंट तेवढे ठेवले आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. बाकांवर ओळीने मंडळी बसली, फोन कानाला. मध्ये एक आजारी कुत्रा पाय पसरून पडलेला, त्याला ओलांडून सगळे ये-जा करत होते.

काय सांगायचं, असं आईने विचारलं. लगबग म्हणाली, काही सांगू नकोस, विचार. तुमच्या दुकानातली वस्तू तुमच्या गिऱ्हाइकाला काय म्हणेल, एवढंच विचार आणि ऐक.

आईला हे काम मानवलं. एका शिंप्याशी ती इतकी रंगली, की लगबगला मध्ये जाऊन कानात सांगावं लागलं, पुढचा फोन लाव. शिंपी म्हणाला होता, की शिवून पडलेला कोट गिऱ्हाइकाला म्हणेल, मी केव्हाचा तयार आहे, तू बारीक कधी होणार? मावशी ऐकण्यापेक्षा सल्ले जास्त देत होती, पण कोणी तक्रार केली नाही. नवरा प्रत्येकाला आधी गाव विचारायचा आणि मग त्या गावाची नदी सांगायचा. मामा सवयीने पहिला प्रश्न तब्येतीचा करत होता आणि लोक त्याला खरीखुरी उत्तरं देत होते. वर थंडोबा एकटा लढत होता. मध्येच वरून आवाज आला, की चष्मा सापडत नाही. तो फोन घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर होता. त्यांनी तो नेऊन दिला, आणि खाली येऊन त्याही फोनला लागल्या.

लगबग त्या सगळ्यांच्या मधून फिरत होती. इकडचं अर्धं वाक्य, तिकडचं अर्धं हसू तिच्या कानावर पडत होतं. तिने लिहिलेली वस्तू माणसं वापरत होती आणि तिला त्यांचे आवाज ऐकू येत होते. तिला एकाच वेळी रडावंसं आणि नाचावंसं वाटत होतं. पण तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

ऊन कललं तेव्हा वेबसाइट उभी राहिली. फोन केलेल्यांपैकी बहुतेक सगळे परत आले, आणि येताना आणखी चार जणांना घेऊन आले. कारण कुठल्या कंपनीने गिऱ्हाइकाला फोन करून त्याच्या कोटाचं म्हणणं ऐकून घेतलंय, असं त्यांनी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. पुस्तकाचं म्हणाल तर दुकानदाराने स्वतःच ते पुढच्या टेबलावर आणून मांडलं.

पुढच्याच महिन्यात एका बड्या कंपनीची माणसं आली. त्यांना शेपूट विकत हवं होतं, माणसांसकट, नावासकट. लगबगला मानाचं पद, थंडोबाला मोठी खोली. लगबग हुरळली, खोटं कशाला सांगा. खोलीत पोत्यांचा वास होता आणि माणसं वाढवायला जागा नव्हती. ती हो म्हणायच्या बेतात होती. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका बाईंनी पुढचा आराखडा दाखवला. मेसेज सगळीकडे एकसारखे करायचे होते, कोणाचा मान दुखावू नये म्हणून. नमुनाही होता: 'आदरणीय ग्राहक, आपल्या पाळीव प्राण्याचे लसीकरण प्रलंबित आहे.'

थंडोबाने चष्मा काढला. तो पुसेपर्यंत सगळे थांबले.

"हे कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

कंपनी बोलतेय, असं त्या बाईंनी सांगितलं.

"मग आमचा कुत्रा कुठे गेला?"

त्यांना प्रश्न कळला नाही. लगबगला कळला. तिने थंडोबाकडे पाहिलं आणि तिचं हुरळणं एका क्षणात थांबलं. माणसांशी बोलता येत नाही म्हणणाऱ्या या माणसाला तिच्या पुस्तकातलं सगळं पाठ होतं. तिने पाहुण्यांचे आभार मानले, चहा घेऊन जा म्हणाली, आणि नकार इतक्या भरभर दिला, की त्यांना तो दुसऱ्यांदा विचारून खात्री करावी लागली.

नवी जागा त्यांनी त्यानंतर स्वतःच शोधली. मोठी, उजेडाची, खाली दवाखाना नसलेली. पहिले काही दिवस शांततेमुळे कोणालाच काम सुचेना. हळूहळू माणसं वाढली. शिंपी, चष्मेवाले, पोहायला शिकवणारे सगळे शेपटाचे झाले. कंपनी कोणी चालवायची, हा प्रश्न आला तेव्हा लगबगने सगळ्यांसमोर थंडोबाचं नाव घेतलं. तो नको म्हणाला. मग चष्मा पुसून झाल्यावर बरं म्हणाला. वरच्या खुर्चीत बसून त्याने पहिला हुकूम काढला तो तिच्यासाठी: लगबगने जेवणाआधी सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, दुसरं पुस्तक लिहायचं.

ती हुकूम मानणारी नव्हती. पण हा तिने मानला, आणि लगेच टेबलाशी बसली. बाहेर नवी माणसं फोनवर कोणाला तरी, तुमचा चष्मा तुम्हाला काय म्हणतो, असं विचारत होती. ती ऐकत राहिली, हसली, आणि पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं लिहायला लागली.